कुणालाच पुसता न येणारा व्हिडिओ

रविवारी दुपारी बोईसरजवळच्या नवापूरला गेलो होतो, एका बंद पडलेल्या चॅनेलसाठी...

चॅनेल कल्पना वहिनींचं, माझ्या मित्राच्या बायकोचं. मासळी सुकवणं, जाळं विणणं, होडीवरचं काम... तीन वर्षांचे व्हिडिओ एका सकाळी गायब. कारण नाही, विचारायला माणूस नाही, प्रत्येक अर्जाला मशीनचं तेच उत्तर.

आपलं काम दुसऱ्याच्या मर्जीवर का राहावं? बोईसर-पालघरच्या सभांतून मी हेच विचारत आलोय. म्हणून वहिनींना ब्लॉकचेनवरच्या प्लॅटफॉर्मवर खातं काढून दिलं. तिथं एक मालक नसतो, व्हिडिओ अनेक कॉम्प्युटरवर विखरून राहतो, आणि एकदा झालेली नोंद कुणाला बदलता येत नाही.

वहिनींचे सासरे, म्हणजे बाबा, शेजारी जाळं सांधत होते. म्हणाले, "ऐकणारी आमी दोघंच हाय. सभा नाय ही, जरा हळू बोल."

पहिला व्हिडिओ वहिनींच्या नवऱ्याने मुद्दाम होडीवरून काढला होता. जाळं वर येतंय, मागे किनारा. अपलोड सुरू झालं आणि मी जाहीर केलं, आता हा कुणी पुसू शकणार नाही.

"आमी पण नाय?" बाबांनी विचारलं.

तुम्हीसुद्धा नाही, मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिला. "सूनबाई, थांबव ते. देवळाचा कळस कारखान्याच्या चिमणीच्या बरोब्बर पुढं दिसतोय. आमची जागा हाय ती. माझ्या बापाने मला होडीवर सांगितली, घरात पण नाय."

समुद्रात पाटी लावता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, की जाळं तिथं टाकायचं. मोठ्या बोटीवाल्यांना ती जोडी कळली असती, तर महिन्याभरात जागा खरवडून निघाली असती.

वहिनींनी अपलोड रद्द केलं. निम्म्यावरच होतं, हे नशीब...

मग बोंबील वाळवण्याचा व्हिडिओ निवडला. बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मासळी सोडून मागचंच सगळं. "आता टाक," म्हणाले.

माझं मत बदललेलं नाही. व्हिडिओचं भविष्य याच दिशेला आहे, आणि मी ते पुन्हा ठणकावून सांगणार आहे. पण तिथं आपली स्वतःची चूकही मागे घेता येत नाही, हे त्याच दमात सांगायला हवं होतं. इतक्या सभांत मी ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही... बाबांनी विचारलं. त्यांचे आभार.