बसून होणारी कामं

थ्रोबॉलच्या सरावात माझा पाय मुरगळला आणि सोसायटीतल्या सगळ्या बायका डॉक्टर झाल्या. एकीने गरम पाण्याची पिशवी आणली, दुसरीने बाम असा रगडला की मला ब्रह्मांड आठवलं. संध्याकाळपर्यंत घोट्याचा दुधी भोपळा झाला होता. दवाखान्यातल्या तरुण फिजिओथेरपिस्टने कपाळाला हात लावला. ताज्या मुरगळीला शेक नाही, चोळणं नाही. बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. "आणि आराम, काकू. नीट आराम केलात तर फायनल खेळाल."

फायनल शेजारच्या नंदाखाल गावातल्या बायकांशी होती. शाळा सुटल्यापासून मी खेळले नव्हते. मुलांच्या सामन्यांना पाण्याच्या बाटल्या सांभाळणं एवढाच माझा खेळ. यंदा पाठीवर नंबर असलेला टी-शर्ट मिळाला होता. मला खेळायचंच होतं.

तसं आमच्या घरात आरामाचं वावडं नाही हं. गेल्या वर्षी बॉक्स क्रिकेटमध्ये नवऱ्याच्या मांडीचा स्नायू ताणला गेला, तेव्हा साहेब सोफ्यावर आडवे; रिमोटसुद्धा हातात नेऊन द्यावा लागे. त्यामुळे मी अगदी निश्चिंत होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मोठ्या प्रेमाने स्वयंपाकघरात खुर्ची आणली. समोर स्टूल, त्यावर उशी, उशीवर माझा पाय. "आता अजिबात उठायचं नाही," असं दटावून त्याने मांडीवर कणकेची परात ठेवली.

काय जपलं म्हणून सांगू मला. मेथी निवडायची, नारळ खवायचा, पोळपाट मांडीवर घेऊन चपात्या लाटायच्या. सगळं कसं बसून होणारं. सासूबाईंनी मुद्दाम अर्नाळ्याहून सुके बोंबील मागवले. "बसलीच आहेस तर डोकी-शेपट्या काढून ठेव." तब्येत विचारायला आलेली शेजारीण ब्लाउजला हुक लावायला देऊन गेली.

फायनलच्या आठवड्यात पुन्हा फिजिओकडे गेलो. तिने घोटा चहूबाजूंनी फिरवून बघितला, मला एका पायावर उभं केलं आणि खूश झाली. "खरंच आराम केलात तुम्ही."

"खुर्चीवरून उठू दिलं नाही हिला," नवरा म्हणाला. छाती फुगली होती त्याची.

मग तिने माझ्या हातात बॉल दिला. फेकायला गेले तर अंगठ्याच्या मुळातून अशी कळ आली की बॉल पायाशीच पडला. तिने मनगट दाबून पाहिलं. अंगठ्याची शीर सुजली होती.

"हे कधी झालं? खेळताना?"

"नाही. आराम करताना."

ती हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून तिने हसू आवरलं. अंगठ्याला पट्टा बांधला. लाटणं, पिळणं, फेकणं बंद.

"आणि रविवारची फायनल?"

तिने मान हलवली. मला तिथेच रडू आलं आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

जिना उतरताना नवऱ्याने पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. पाय तरी सुटला ना? उद्यापासून बाजार तू करत जा. पिशवी मात्र डाव्या हातात धर."