न केलेल्या जखमा

नवखा माणूस रक्त रंगवायला बसला की थेट लाल रंगाची बाटली उघडतो. ताजे रक्त लाल असते हे खरे. पण हवा लागली की त्यातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि जखमेची कड तपकिरीकडे झुकू लागते. म्हणून मी लालात आधी तपकिरी मिसळते, मग किंचित निळा. चमक देणारे वार्निश फक्त तिथेच लावते जिथे रक्त अजून वाहते आहे. जीवरसायनशास्त्रात मिळवलेले ज्ञान मी बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या माणसांवर खर्च करीन, असे माझ्या प्राध्यापकांना निश्चितच वाटले नसावे.

धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना मात्र ते उपयोगाचे वाटले. महामार्गावरचे ढाबेवाले आणि रिक्षाचालक यांना प्रथमोपचार शिकवण्यासाठी त्यांना अपघाताचा छोटा देखावा हवा होता. "नमुना म्हणून तीन जखमी आणा. पटले तर पूर्ण संच तुम्हीच करा," ते फोनवर म्हणाले. तोवर माझ्या कामाला सगळे 'छंद' म्हणत आणि तो शब्द मला अजिबात आवडत नसे. हा संच मिळाला, तर तो शब्द कायमचा जाणार होता.

अडचण घरातच होती. आमचे कुटुंब मूळचे मारवाडचे, जैन, जळगावात स्थिरावलेले. खाली वडिलांचे हार्डवेअरचे दुकान, वर आम्ही, आणि आम्हा सर्वांच्या वर माझ्या काकी, म्हणजे काकीसा. आमच्या स्वयंपाकघरात भाजी 'कापत' नाहीत, 'सुधारतात'. कापण्याचा शब्दसुद्धा तोंडातून जाऊ नये म्हणून ही काळजी. अशा घरात मी गच्चीवर बसून, तापवलेल्या सुईने एका छोट्या रिक्षावाल्याच्या नडगीत खोल जखम कोरत होते आणि काकीसा पापड वाळत घालायला वर आल्या.

"त्याला टोचतेस का गं?"

"काकीसा, प्लास्टिक आहे. त्यात जीव नाही."

"त्यात नसेल. पण तू पाय समजूनच टोचलंस ना?"

पिठाचा कोंबडा मारला तरी पाप लागते, कारण मारण्याचा विचार खरा असतो, हे आमच्यातल्या प्रत्येक मुलाने लहानपणी ऐकलेले असते. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे.

"मिच्छामि दुक्कडम् म्हण त्याला."

"कोणाला? रिक्षावाल्याला?"

"मग काय पापडांना?"

मी क्षमा मागितली. रिक्षावाला काही बोलला नाही. मग काकीसांनी निकाल दिला: रंगवायचे तितके रंगव, पण या घरात माणसाच्या अंगात सुई किंवा पाते जाणार नाही.

दोन दिवस मी फुरंगटून होते. नंतर मात्र ही अट मी प्रयोगातल्या बदललेल्या परिस्थितीसारखी मानली. कोरता येत नसेल, तर भर घालावी. गळक्या नळाला लावायची, मळून चिकटवली की घट्ट होणारी पुट्टी वडिलांच्या दुकानात होतीच. तिच्या केसाएवढ्या बारीक दोन वळ्या नडगीवर शेजारी शेजारी चिकटवल्या आणि मधली फट तेवढी रंगवली. खरी जखमही कडांना सुजते. माझी कोरलेली जखम तशी कधीच दिसली नव्हती. खरचटलेल्या जागी स्पंजच्या फाटक्या तुकड्याने रंग टिपला. रंग मिसळलेल्या गोंदाची तार दोन काड्यांमध्ये ताणून रक्ताचे धागे काढले. काकीसा अधूनमधून येऊन पाहत. "ह्याला फार दुखतंय, जरा कमी कर," एवढीच त्यांची टीका असे आणि त्याहून मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

धुळ्याच्या एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसले. पारोळ्याला चढलेल्या एक अक्का शेजारी बसल्या आणि डब्याकडे बघत राहिल्या.

"काय शे वं डब्बामा?"

मी झाकण उघडले.

"आवं माय! बठ्ठास्ले लागेल शे! दवाखानामा ली जाय ना मंग!"

"तिथंच नेतेय, अक्का."

सगळ्या जखमींना दवाखाना मिळणार म्हणून त्यांचे समाधान झाले. उतरेपर्यंत त्यांनी डब्याला धक्का लागू दिला नाही.

डॉक्टरांनी भिंग लावून तिघांनाही तपासले, नाडी तेवढी पाहिली नाही. "कडा उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण संचात पाय तुटलेला एक जण हवा. तो नसेल तर संच माझ्या कामाचा नाही. जमेल?"

मी एक मिनिट मागून घेतले आणि बाहेर येऊन घरी फोन लावला.

"काकीसा, एक माणूस पाय तुटलेला हवाय."

"म्हणजे तू तोडणार?"

"नाही. मी तो पुट्टीचाच घडवीन आणि गुडघ्यापाशी थांबेन. खालचा पाय बनवणारच नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे कोणी तोडला नाही?"

"कोणीच नाही."

"आणि त्याच्यावरून लोकं शिकणार, रक्त कसं थांबवायचं ते?"

"हो."

"मग कर. पण त्याच्याजवळ कुणीतरी बसव. एकट्याला रस्त्यावर टाकू नको."

मी आत गेले. "जमेल, सर. फक्त त्याच्याजवळ एक माणूस बसलेला असेल, मांडीला कापड आवळणारा. ही घरची अट आहे."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवले. "बसू द्या," ते म्हणाले. "खऱ्या अपघातात कोणी बसत नाही, म्हणून तर शिकवायची वेळ आलीय. संच तुमचा."

परतीच्या बसमध्ये मी त्या बसलेल्या माणसाचीच जुळवाजुळव करत होते: एक गुडघा जमिनीवर, दोन्ही मुठी घट्ट, आणि मनगटांपर्यंत ताजे, चमकणारे रक्त.