क्लचवाली जर्मन

बदनापूरच्या स्टँडवर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या तौफिकभाईनं जालन्याच्या पुढं कधी गाडी नेली नव्हती. पण इटलीची फेरारी एन्झो आणि जर्मनीची पोर्शे कॅरेरा जीटी यांच्याबद्दल तो असा बोलायचा, जणू दोन्ही त्याच्या मेव्हण्याच्या दारात उभ्या असतात.

राजानंद इटलीच्या बाजूचा. त्याच्याकडं ठरलेली जीप नव्हती, कुणी ड्रायव्हर सुट्टीवर गेला की बदली चालवायचा.

"बारा सिलिंडर हायेत, भाई. तुमच्या जर्मनीला दहाच."

"आन क्लच कुठंय तिला? बोटानं गिअर टाकायचे! खेळणं हाय ते. जर्मनचा क्लच असा नखऱ्याचा, की भलेभले गाडी बंद पाडतात."

नखऱ्याच्या क्लचवर बोलायचा भाईला हक्क होता. त्याच्या जीपची क्लचप्लेट पार घासलेली. "शेठ, प्लेट बदला," असं तो मालकाला, कचरूशेठला, म्हणून म्हणून थकला. शेठचं एकच, "तुला जमतंय ना? मंग?" जमत फक्त त्यालाच होतं, आणि हळूहळू त्याला त्याचाच माज चढला. "माझ्याबिगर ही जागची हलत न्हाई."

उन्हाळ्यात बातमी आली, दोन्ही गाड्या प्रदर्शनाला समृद्धी महामार्गावरून नागपूरला चालल्यात. भाईचा नंबर लागायला वेळ होता. स्टँडचा नियम साधा: नंबर लागला की ड्रायव्हर सीटवर पाहिजे.

"राजानंद, जीपवर लक्ष ठेव. नेतंय कोण तिला?" असं म्हणून चावी जीपलाच ठेवून त्यानं मला, त्याच्या रोजच्या पॅसेंजरला, मोटारसायकलवर घेतलं.

समृद्धीवरच्या पुलावर आम्ही उन्हात भाजत उभे. शेवटी एक बंद कंटेनर आला. त्याच्या अंगावर दोन्ही गाड्यांची चित्रं, एक लाल, एक रुपेरी.

"आत हायेत?" भाईनं विचारलं.

"आतच असतील."

कंटेनर खालून गेला. भाई बराच वेळ त्याच्या मागं बघत राह्यला. "ड्रायव्हर बराबर चालवून राह्यलाय," एवढंच म्हणाला.

स्टँडवर आलो तर जीप गेल्ती. आमच्या मागं नंबर लागला, पब्लिक ओरडायला लागली, आणि नेमके शेठ तिथंच. "राजानंद, ने रे तू." जीप दोन झटके खाऊन निघाली.

"तू परदेशी गाड्या बघ, तौफिक," शेठ म्हणाले. "ही राजानंद चालवील."

दुसऱ्याच आठवड्यात राजानंदनं सांगितलं, शेठ, प्लेट गेलीय. शेठनं तिसऱ्या दिवशी नवी टाकली. आता ती जीप मीसुद्धा चालवीन.

भाई आता स्टँडवर "जालना, जालना" ओरडून सीटा भरतो. परवा मी पुढं, राजानंदच्या शेजारी, बसलो होतो. त्यानं दार लावलं. राजानंदला गप्प बसवेना.

"भाई, बोला की. इटली का जर्मनी?"

भाईची नजर राजानंदच्या क्लचवरच्या डाव्या पायावर होती.

"पाय उचल. नवी प्लेट हाय, जाळशील," तो म्हणाला आणि पत्र्यावर थाप मारली. "चल, जाऊ दे."