ऐकतेस का

कुलूपवाल्याला राग यायला कारण लागत नसे. किल्ली वेडीवाकडी फिरवणारं गिऱ्हाईक आलं की आधी त्याची हजेरी घेणार, मग कुलूप हातात घेणार. "कुलूप धड आहे, तुमचा हात बिघडलाय," हे तोंडावर. तरी लोक त्याच्याच दुकानात यायचे. पण गेले काही आठवडे तो खरोखर संतापलेला होता आणि या वेळी कारण होतं. बायको इस्पितळात निपचित पडली होती. भांडी घासता घासता डोक्यातली शीर फुटली, कोसळली, त्यानंतर तिनं डोळे उघडलेच नाहीत. अन्न नळीतून, श्वासही नळीतून.

डॉक्टरीणबाई वयानं त्याच्या लेकीएवढ्या. त्यांनी सांगितलं, सुधारणा काही दिसत नाही, श्वासाची नळी काढायची का ते घरच्यांनी आज ठरवावं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे बोलायचं ते यानंच.

एवढ्यात बायकोचा भाऊ आला. हा हल्ली कुठली कुठली व्याख्यानं ऐकायचा.

"भाऊजी, चैतन्य कुठं जात नसतं. विश्वाचा पायाच तो. दगडात, पाण्यात, या खाटेतसुद्धा जाणीव आहे. ताई त्यातच आहे."

कुलूपवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दगडात आहे, खाटेत आहे. हिच्यात आहे का, तेवढं बोल."

"तसं बघितलं तर..."

"तसं बघू नकोस, असं बघ. ही इथं पडलीय. हिला दुखतंय का? मी बोलतो ते पोचतंय का? खाटेला जाणीव असेल तर असू दे बापडी, मला काही खाटेशी संसार करायचा नाही."

मेहुणा चहा पिऊन येतो म्हणून जो गेला तो फिरकलाच नाही.

मग कुलूपवाल्याचा मोर्चा डॉक्टरीणबाईंकडे वळला. हिला काही कळत नाही, हे तुम्ही ठरवलंत कसं?

"आम्ही चिमटा काढतो, डोळ्यांत उजेड टाकतो, नावानं हाक मारतो."

"कुठल्या नावानं?"

"कागदावर आहे त्या."

तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. त्या नावानं तिला लग्नानंतर कुणी हाकच मारली नव्हती. लेकीची ती आई, भावाची ताई, शेजाऱ्यांची काकू. आणि हा जुन्या वळणाचा माणूस, बायकोचं नाव जन्मात तोंडातून काढलं नाही. "ऐकतेस का?" हीच याची हाक. ऐकतेस का, चष्मा कुठंय? ऐकतेस का, दार लाव. ती पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या हाकेला आतून "बहिरी नाहीये मी" असं यायचं आणि मग दोघांची जुंपायची.

तो खाटेपाशी गेला. चारचौघांत त्याला लाज वाटली. घसा खाकरून म्हणाला, "ऐकतेस का?"

काही नाही.

"ऐकतेस का?"

पापणीही हलली नाही. तिसऱ्यांदा त्यानं एवढ्या मोठ्यानं विचारलं की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. तरी काही नाही.

"जन्मभर हेच केलंस," तो तिच्यावरच उखडला. "मी घसा फोडायचा आणि तू ओट्यापाशी मुकाट उभी. भिंतीशी लग्न केल्यासारखं वाटायचं मला. एकदा तरी पहिल्या हाकेला ओ दिली असतीस, तर आज या लोकांना काही सांगता आलं असतं." लेकीनं खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला. डोळे मात्र भरले होते.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, खरं सांगते. त्या ऐकत नसाव्यात असं आम्हाला वाटतं. पण आत काय चाललंय, ते बाहेरून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही."

"मग मला कशाला विचारता? तुम्हाला कळत नाही, त्या व्याख्यानवाल्याला कळत नाही, मला काय कळणार? अहो, ही धडधाकट होती तेव्हा तरी ऐकतेय की नाही ते मला कुठं कळायचं? तरी बोलतच होतो ना मी?"



"नळी राहू दे," तो म्हणाला. मग स्टूल खाटेला लावून बसला आणि तिच्या भावाच्या कागाळ्या तिला सांगू लागला.