आधी झोपून बघा

आमच्या आजोबांनी आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि त्यावर घर चालवलं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, ते डॉक्टर असतील, नाहीतर भाषणं करत असतील. ते उशा करायचे.

उशांच्या आधी त्यांनी बरंच काय काय करून पाहिलं होतं. भाड्याने छत्र्या दिल्या, तर पाऊस थांबला की लोक छत्रीही विसरायचे आणि आजोबांनाही. मग मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून विकायला काढल्या. पण एखादी खुर्ची मनासारखी जमली की ती त्यांच्याने विकवेना. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, बसायला मात्र भरपूर होती. आजीकडे या सगळ्याला एकच शब्द होता, ‘नसते उद्योग’. उशांचं खूळ डोक्यात आलं तेव्हाही ती तेच म्हणाली आणि गुपचूप खोळी शिवायला बसली.

दुकान रस्त्याला लागून होतं. पुढे विक्रीची खोली, मधे कापूस पिंजायचं यंत्र आणि मागे एक छोटी खोली. तिथे एक अरुंद खाट आणि खिडकीला हिरवा पडदा. दुपारी त्या पडद्यातून असा उजेड यायचा की खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. पलीकडे यंत्राची घरघर चाललेली असायची आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत राहायचे. मी लहानपणी तिथे आडवी झाले की झोपलेय की जागी आहे, हे मलाच कळायचं नाही.

ही खोली गिऱ्हाइकांसाठी होती. झोपून बघितल्याशिवाय आजोबा उशी देतच नसत. कुशीवर झोपता की उताणे, असं आधी विचारायचे, पण उत्तरावर त्यांचा काडीचा विश्वास नसायचा. म्हणायचे, “जागेपणी माणूस स्वतःच्या झोपेबद्दल काहीही ठोकून देतो.” मग खाटेवर नमुन्याच्या उशा ठेवायचे, पडदा ओढायचे आणि गिऱ्हाइकाचा डोळा लागला की बूट काढून, नुसत्या मोज्यांवर आत जायचे. खांदा कुठे रुततोय, मान कुठे अधांतरी राहतेय, ते बघायचे. बाई असली तर बघायचं काम आजीचं. तेवढ्यावरून ते मुठीने कापूस घालायचे किंवा काढायचे. शेजारचा शिंपी तर रोज जेवून यायचा, झकास घोरायचा आणि “अजून नीट अंदाज येत नाहीये” म्हणत निघून जायचा. त्याने कधीच उशी घेतली नाही. आजी चिडायची. आजोबा म्हणायचे, “अगं, तो घोरतो म्हणून तर बाकीच्यांना झोप येते.”

आजोबा गेले तेही त्याच खाटेवर. दुपारी पडले होते. आजीने चहा आणून ठेवला, चहावर साय आली, तरी उठले नाहीत. सगळे म्हणाले, किती छान मरण. मला त्यात काही छान वाटलं नाही. मला ते हवे होते.

त्यांची उशी खाटेवरच राहिली. सगळ्यांच्या उशांचा कापूस ते दरवर्षी पिंजून नवा करायचे, पण स्वतःच्या उशीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिच्यात त्यांच्या डोक्याचा खळगा पडला होता. घरातली एकूण एक उशी रोज सकाळी बडवणारी आमची आजी त्या उशीला मात्र धक्का लावेना. दुपारी दुकान शांत झालं की ती मागच्या खोलीत जायची आणि त्या खळग्यावर तळवा ठेवून बसायची. आम्ही तिकडे फिरकायचो नाही.

बाबांनी दुकान सांभाळलं, पण बिचकत. झोपलेल्या माणसाकडे बघून त्याची उशी ओळखायची, हे आपल्याला जमणार नाही असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते तयार उशाच विकायचे. आजी चार दिवस बहिणीकडे गेली तेव्हा त्यांना वाटलं, आपण निदान खोली तरी साफ करावी. त्यांनी खाटेवरच्या सगळ्या उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकले. अभ्रा काढल्यावर आमच्या सगळ्या उशा सारख्याच, पांढऱ्या खोळीच्या. त्या ढिगात आजोबांची कुठली, हे बाबांनाच कळेना; खळगा हाताने ओळखणारी एकटी आजी. आणि त्याच दिवशी समोरच्या रस्त्यावरून बस चालवणारा ड्रायव्हर आला, लाल डोळ्यांचा. झोपू का जरा, म्हणाला. उठला तो एक उशी छातीशी धरूनच. “हीच द्या.” बाबांनी नवा अभ्रा चढवून दिली.

आजी परत आली, पिशवी खाली न ठेवता मागे गेली. एकेक उशी दाबत गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, “ह्यांची उशी कुठाय?”

बाबांनी ड्रायव्हरचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आजी ओरडली नाही, हेच वाईट. “दुसरं कुणी झोपलं तर खळगा मोडेल रे,” एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली. मी तिच्यामागे धावले.

ड्रायव्हर बेकरीच्या वर राहायचा. जिन्यात गरम पावाचा वास कोंडलेला. दार त्याच्या बायकोने उघडलं, तेही ओठांवर बोट ठेवून. आम्ही कोण ते कळल्यावर तिने आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं आणि आवाज न करता चहा ठेवला. आतलं दार अर्धं उघडं होतं. मी मनात म्हटलं, आता इथे रामायण होणार.

“डोळ्याला डोळा लागत नव्हता हो त्यांच्या,” बाई कुजबुजली. “ड्यूटीवर गेले की मी दिवसभर कान रस्त्याकडे लावून बसायचे, कुठे बस धडकल्याचा आवाज येतोय का म्हणून. काल रात्री झोपले. आज सुट्टी, तर जेवून परत झोपलेत. मी नुसती बघत बसलेय.”

आजी उठून दारापाशी गेली. ड्रायव्हर कुशीवर झोपला होता, तोंड उघडं, एक हात उशीखाली. आजोबा अगदी असेच झोपायचे. आजी बराच वेळ तिथे उभी राहिली. चहा निवला. मग ती वळली आणि बाईला म्हणाली, “एवढ्यात बडवू नका त्या उशीला. बसू द्या.”

“काही काम होतं का तुमचं?”

“उशी पसंत पडली का, तेवढंच बघायला आलो होतो.”

जिन्यात मी विचारलं, “आजी, अगं मागायची ना.”

“काय मागू? खळगा त्याचा झाला आता.” आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आमची आजी रडली. आजोबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुकानात आल्यावर ती तडक मागे गेली आणि खाटेवर आडवी झाली. लोकांना दुपारी झोपवणं म्हणजे नसते उद्योग, असं म्हणत ती जन्मात कधी त्या खाटेवर पडली नव्हती. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“आई, कुशीवर झोपतेस की उताणी?”

“तुझ्या वडिलांनी मला हे कधी विचारलं नाही.”

“त्यांना माहीत होतं. मला नाहीये.”

“उताणी,” आजी म्हणाली. बाबांनी पडदा ओढला आणि यंत्र सुरू केलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी चपला काढल्या. मोजे काही त्यांच्या पायात नव्हते, अनवाणीच आत गेले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. हिरव्या उजेडात आजी गाढ झोपली होती, आणि उताणी तर मुळीच नव्हती. त्या अरुंद खाटेच्या अगदी कडेला, कुशीवर, भिंतीकडची अर्धी जागा रिकामी सोडून. एक हात त्या जागेवर पसरलेला.

बाबा वाकले. खांदा बघितला, मान बघितली, तो हात बघितला. मग बाहेर आले.

“लांब खोळ काढ,” ते मला म्हणाले. “दोघांना पुरेल अशी.”

आणि ते कापूस पिंजायला बसले.