रंगीत पानावरचा देवमासा

काज करायचं म्हणजे चांगल्या कापडाला मुद्दाम भोक पाडायचं आणि मग ते उसवू नये म्हणून त्याच्या कडेने दोऱ्याची भिंत उभी करायची. आमच्या गल्लीतली धाकटी हे काम हाताने करी. मशिनी आल्या तरी ज्या शिंप्यांना आपल्या कोटाचा अभिमान होता, त्यांचे कोट तिच्याच दाराशी येत. खिडकीपाशी बसून, डोकं एका बाजूला कलतं ठेवून ती टाके घाली, आणि टाका असा सारखा पडे की बघणाऱ्याला वाटावं, दोरा आपणच चालत निघालाय.

तिचं नाव कुणी घेत नसे. घरात दोन जावा, दोघींचेही नवरे गेलेले. एक थोरली, एक धाकटी. हाक मारायला तेवढं पुरे होतं.

घर थोरलीचं. तिचे गुडघे गेले तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत असे. धाकटी तिला उठवी, न्हाऊ घाली, संडासला नेई, वेणी घाली आणि मधल्या वेळात काजं करी. थोरलीने उभी हयात टेलिफोनच्या कचेरीत काढलेली. 'थांबा' आणि 'जोडून देते' तिला कितीतरी भाषांत म्हणता येई, आणि त्यातल्या दोनतीन भाषा चांगल्या समजत. कुणाला जोडून द्यायचं आणि कुणाला नुसतं थांबवून ठेवायचं, हे ती तिथेच शिकली असावी.

धाकटीची एकुलती मुलगी दूरदेशी होती. तिला दिवस गेले होते आणि जवळ माणूस कुणी नव्हतं. सासू कधीच गेलेली, नवरा कामासाठी महिनोन्महिने बाहेर. तिने आईचा पासपोर्ट काढायला लावला, व्हिसा मिळवला, तिकीट पाठवलं. धाकटी तो पासपोर्ट उशीखाली घेऊन झोपे. दिवसातून एकदा तरी उघडून व्हिसाचं ते रंगीत पान बघे, ज्यावर तिचा फोटो होता आणि तिला न वाचता येणारी अक्षरं होती.

शेजारीण म्हणाली, "थोरले, आता तुझं गं कसं होणार?"

"भिंतीला सांगेन, वेणी घाल म्हणून."

"तुझा मुलगा बाई ठेवणार आहे ना?"

"परकी बाई माझ्या अंगाला हात लावणार. लावू दे. धाकटीने जावं की. मी काय दोरीने बांधून ठेवलंय तिला?" असं म्हणून थोरली हसली. धाकटीही हसली. ती जावेच्या कुठल्याही बोलण्यावर हसत असे, तशी सवयच होती तिला.

मग थोरलीच्या मुलाने आईला बोटीची सहल दिली. स्वतः येतो म्हणाला होता, आला नाही. त्याच्या जागी धाकटीने जावं असं ठरलं. सहल संपल्यावर थोड्याच दिवसांनी धाकटीचं विमान होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "जा आई, मजा कर. पासपोर्टवर शिक्के जमव. बाळाला दाखवू, आजी कुठे कुठे फिरली ते."

तिकिटं काढून देणाऱ्याच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. धाकटीने खुर्ची उचलून वर नेली आणि पाणी आणायला बाहेर गेली. तेवढ्यात त्या माणसाने कागद थोरलीच्या हातात दिले आणि म्हणाला, "मावशी, एक लक्षात ठेवा. बंदरांवर दुकानदार गमतीचे शिक्के मारून देतात, मासे, दीपस्तंभ असले. रुमालावर घ्या, टोपीवर घ्या. पासपोर्टावर एक जरी मारला तरी पासपोर्ट बाद. तुमच्या जाऊबाईंना तर लगेच जायचंय. त्यांना नीट सांगा."

"सांगते," थोरली म्हणाली.

"विसराल."

"मी टेलिफोनवर होते रे बाबा. निरोप विसरत नाही."

धाकटी पाणी घेऊन आली तेव्हा थोरली तिला म्हणाली, "एक पांढरा रुमाल शिवून दे गं मला. मोठा. दुमड बारीक घाल."

बोट म्हणजे पाण्यावर चालणारं गाव होतं. जिने, आरसे, खुर्च्यांच्या रांगा आणि सगळ्यांच्या मागे गुरगुरणारं एक न दिसणारं इंजिन. धाकटीला झोप लागत नसे. ती पहाटे कठड्याशी उभी राही आणि पाण्यावरचा उजेड तुकड्यातुकड्याने जुळताना बघे. पण पहिल्या बंदराला तिचा हिरमोड झाला. तिथल्या पोलिसाने बोटीचं कार्ड तेवढं बघितलं आणि हाताने पुढे जा म्हटलं. तिने पासपोर्ट उघडून समोर धरला, बोटाने शिक्क्याची खूण केली. त्याने नकाराची मान हलवली.

"रडवेली काय होतेस," थोरली म्हणाली. "ते बघ, त्या टपरीत मिळतो."

टपरीत टोप्या होत्या, शिंपले होते आणि एका पाटावर रबरी शिक्के मांडलेले. थोरलीने आपला रुमाल पसरला आणि त्यावर दीपस्तंभ उमटवून घेतला.

"तुमच्या पासपोर्टावर नको?" धाकटीने विचारलं.

"मला भिंतीला लावायचाय. मला कुठे जायचंय पुढे? तू मार तुझ्यात. पोरीने सांगितलंय ना?"

धाकटीने कोऱ्या पानावर शिक्का ठेवला आणि काजावर कात्री चालवताना धरते तसा श्वास धरून दाबला. निळा दीपस्तंभ स्वच्छ उमटला. थोरलीने फोनमध्ये तिचा फोटो काढला. "पोरीला पाठवू परत गेल्यावर. एकदम सगळे. खूश होईल."

पुढच्या बंदराला पोपट, त्याच्या पुढे नांगर. प्रत्येक ठिकाणी धाकटी उतारावरून खुर्ची ढकलत धापा टाकत टपरी गाठी, थोरलीचा रुमाल आधी धरी आणि मग आपला पासपोर्ट. प्रत्येक फोटोत ती हसत होती.

शेवटच्या बंदरात देवमाशाचा शिक्का होता, तळहाताएवढा. तो रुमालावर उमटवून झाल्यावर धाकटी कोरं पान शोधू लागली.

"इथे नको," थोरली म्हणाली. "त्या रंगीत पानावर मार."

"ताई, तो व्हिसा आहे."

"मग? बिनशिक्क्याचा कागद कुठे चालतो का? रेशनचा असो, शाळेचा असो, खाली शिक्का नसला की परत पाठवतात. तुझ्या लग्नाच्या दाखल्याला दोनदा हेलपाटे घातलेले विसरलीस? शिक्का बसला की कागद पक्का."

हे धाकटीला पटलं. तिच्या आयुष्यात कुठलाच कागद शिक्क्यावाचून पुढे सरकला नव्हता. तिने रंगीत पान उघडलं.

टपरीवाली पुढे झाली. तिने त्या पानावर आपला हात आडवा ठेवला आणि जोरजोरात काहीतरी बोलू लागली. धाकटीने थोरलीकडे बघितलं.

"काय म्हणतेय?"

थोरलीला सगळं समजलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणतेय, पानाखाली हात धर. म्हणजे नीट उमटतो."

धाकटीने हसून टपरीवालीचा हात प्रेमाने बाजूला केला, तेवढ्यात थोरलीने एक फोटो टिपला. मग धाकटीने पानाखाली आपला तळवा धरला आणि दाबलं. देवमासा तिच्या फोटोवरून पोहत गेला. थोरलीने त्याचाही फोटो काढला.

विमानतळावर खिडकीतल्या पोराने पानं उलटली. पोपटावर तो हसला. देवमाशावर थांबला. "हे कुणी मारलं?"

"मीच," धाकटी अभिमानाने म्हणाली. "पक्कं केलं."

त्याने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने समजावून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा. तोवर बाळ बसायला लागेल. धाकटी आपली बॅग घेऊन बाकावर बसली. बॅगेत तिने शिवलेली झबली होती, प्रत्येकाला हाताची काजं.

बाळंतपण अवघड गेलं. मुलगी इस्पितळात एकटी होती, रक्त फार गेलं, सही करायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं. ती शुद्धीवर आल्यावर तिच्या फोनमध्ये थोरलीने पाठवलेले फोटो येऊन पडलेले होते, ओळीने सगळे.

तिने फोन केला. आवाज कोरडा होता.

"फोटो बघितले. तूच दाबत होतीस."

"मला कळलं नाही गं."

"ती बाई तुझा हात अडवतेय त्यात, आई. आणि तू हसतेयस. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस."

"ताई म्हणाल्या..."

"मोठी आई कशाला सांगेल असं? तिचं नाव नको घेऊस. आता येऊ नकोस. मला सवय झाली." फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

धाकटी तिकिटवाल्याकडे गेली, काही करता येतं का विचारायला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मी थोरल्या मावशींना बजावलं होतं हो. त्या म्हणाल्या, निरोप विसरत नाही."

तिथून घर दूर नव्हतं, पण धाकटी दिवस कलल्यावर पोचली. थोरली खिडकीशी बसली होती. समोरच्या भिंतीवर रुमाल लावलेला होता.

"त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "किती वेळ लावलास. मला जायचंय."

"आणि ती टपरीवाली?"

"नको मारू म्हणत होती. अगं, तू गेली असतीस तर परत आली असतीस का? मला कुणी उठवलं असतं? पोरीला दुसरं माणूस मिळालं असतं, मला मिळालं नसतं. चल, उठव आता."

धाकटीने भिंतीवरचा रुमाल काढला, कात्री आणि दोऱ्याचं रीळ घेतलं, स्टूल ओढून थोरलीच्या अगदी समोर बसली. रुमाल मांडीवर ताणून देवमाशाच्या पोटात तिने कात्रीचं टोक घातलं.

"हे काय करतेस? उठव म्हटलं ना."

"येते. एवढं काज होऊ दे."

तिने सुईत दोरा ओवला. पहिला टाका घातला, मग दुसरा, सारखे, एकमेकाला चिकटून. थोरलीने खुर्चीचे हात घट्ट धरले. आधी रागावून बोलली, मग साध्या आवाजात, मग नुसतंच "धाकटे" म्हणाली.

काज सुरेख झालं. धाकटीने ते उजेडाला धरून बघितलं, दोरा तोडला. खुर्चीखाली फरशीवर ओल पसरली होती. तिने पाय जरा मागे घेतले आणि पोपटाच्या डोळ्यावर कात्री ठेवली.