कोपरा फाटलेलं कार्ड

त्या भादव्यात माझा देवावरचा विश्वास पार आटला होता. यजमान मुदतीच्या तापाने नागपूरच्या दवाखान्यात पडलेले. सोबत दीर होते, पण त्यांना लिहिता येत नव्हतं, कार्ड दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं लागे. पोहरादेवीला नवस बोलून झाला, आणि आसेगावात आम्ही सासूसुना रोज डाकवाल्याची वाट पाहायचो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

मला तेव्हा एक वेड होतं. बुवा, मौलवी, पाद्री असे जे धर्माचे लोक निवडणुकीत, नगरपालिकेत उतरले होते, त्यांना मी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड पाठवायची आणि त्यांच्या हातच्या चार ओळी मागायची. उत्तरं पत्र्याच्या डब्यात ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "हे कागद का शिजवून खाशीन?" एका महंतांचं कार्ड मात्र त्या हळूच डोळ्यांना लावायच्या.

एका दुपारी डाकवाल्याने मान खाली घालून कार्ड पुढे केलं. कोपरा फाटलेला होता. आमच्याकडे मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात. ते घरात नेत नाहीत, बाहेर उभ्याने वाचून तिथंच फाडतात. सासूबाई अंगणात मटकन बसल्या. "नको वाचू वं माय. फाडून टाक. मले आयकू नको देऊ."

माझाही वाचायचा धीर होईना. फाडायला दोन्ही हातांनी कार्ड धरलं, आणि अक्षर दिसलं. जाड, ठसठशीत, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. हे माझ्या डब्यातलं अक्षर होतं. नागपूरच्या महापालिकेत निवडून आलेले पाद्रीबाबा, दक्षिणेकडचे, मराठी उशिरा शिकलेले. मागाहून कळलं, रोग्यांना भेटायला ते दवाखान्यात गेले होते. यजमानांनी गावाचं नाव सांगितलं आणि बाबांना माझं जुनं कार्ड आठवलं. कार्डावर लिहिलं होतं: "ताप उतरला आहे. काल पेज घेतली. तुमची आठवण काढतात. कोपऱ्यावर शाई सांडली म्हणून तेवढा फाडला, क्षमा असावी."

मी मोठ्याने वाचलं. सासूबाई रडता रडता म्हणाल्या, "त्या बाबाले कोनी सांगतलं नाही काय, कोपरा फाडत नसतेत?" मग आम्ही दोघी हसत सुटलो.

मी ती अक्षरं हौसेने जमवत होते. ती कशासाठी जमत होती, हे मात्र माझ्या हाती नव्हतं. तेव्हापासून मी देवाशी हिशेब मांडत नाही, त्याच्यावर सोपवून मोकळी होते.

यजमान घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी ओवाळणीचं ताट आधी देवघरात नेलं. ते कार्ड त्यांनी तिथंच ठेवलं होतं, फाटक्या कडेला कुंकू लावून. पहिली ओवाळणी त्याला, मग लेकाला. माझ्या डब्यात ते कधी आलंच नाही.